सर्फ वाद्यसंगीत

सर्फ वाद्यसंगीत : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर १९६१ च्या सुमारास रूपाला आलेली, विद्युत् गिटारवर आधारलेली व गायनविरहित अशी रॉक अँड रोल संगीताची शाखा. दोन किंवा तीन गिटार, बेस गिटार, ड्रम आणि काही संचांत सॅक्सोफोन एवढाच तिचा वाद्यमेळ असतो. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळावरून तिला नाव मिळाले; मात्र वादकांपैकी अनेकांना तो खेळ येत नव्हता, तो येत होता त्यांच्या श्रोत्यांना. बीच बॉइज या संचाने लोकप्रिय केलेली समूहस्वरातील गीते याच नावाने ओळखली जात असली, तरी त्यांची घडण वेगळी असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

या शाखेची पूर्वपीठिका १९५० नंतरच्या दशकातील गिटारवादकांत सापडते. ड्वेन एडी यांनी ‘रेबेल-राउझर’ (१९५८) सारख्या रचनांत खर्जाच्या तारांवर संथ, ठसठशीत चाल वाजवली. तिला घुमारा यावा म्हणून ॲरिझोनातील फिनिक्स येथील ध्वनिमुद्रणगृहात पाण्याची लोखंडी टाकी वापरली जाई. टाकीत स्पीकर व मायक्रोफोन ठेवून आतला नाद टिपला जाई. लिंक रे यांच्या ‘रंबल’ (१९५८) या रचनेत एकही शब्द नसताना, तिच्यामुळे तरुणांच्या टोळ्यांत मारामाऱ्या होतील या धास्तीने काही नभोवाणी केंद्रांनी ती वाजवण्याचे टाळले. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथील व्हेंचर्स या संचाची ‘वॉक, डोन्ट रन’ ही रचना १९६० मध्ये लोकप्रियतेच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ती मुळात जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवादकाची. या तिघांना ‘सर्फ’ म्हणणे कालविपर्यास ठरेल, तरी त्यांच्याखेरीज पुढचे वादन संभवले नसते.

पहिली सर्फ रचना कोणती, याविषयी मतभेद आहेत. डिक डेल (मूळ नाव रिचर्ड मन्सूर, १९३७–२०१९) यांनी १९६१ च्या उन्हाळ्यात न्यूपोर्ट बीचजवळच्या बाल्बोआ येथील राँदेव्हू या नृत्यगृहात कार्यक्रम सुरू केले. पुरुषांनी टाय बांधलाच पाहिजे अशी तेथे अट असल्याने दारावर अनवाणी तरुणांना टाय वाटले जात, अशी आठवण डेल सांगत. त्यांची ‘लेट्स गो ट्रिपिन’ ही रचना त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झाली आणि बहुतेक लेखक तिलाच अग्रमान देतात. परंतु लॉस अँजेलिसजवळच्या साउथ बे भागातील बेल-एअर्स या शालेय वयाच्या मुलांच्या संचाची ‘मिस्टर मोटो’ तिच्या थोडी आधी ध्वनिमुद्रित झाली असावी. मुद्रणाचा दिवस प्रमाण मानल्यास बेल-एअर्स पुढे ठरतात. श्रोतृवर्ग, नृत्य व नाव यांची सांगड प्रमाण मानल्यास डेल. दुसरा निकष अधिक ग्राह्य वाटतो.

या वादाला आणखी एक पदर आहे. सर्फचे लक्षण म्हणून आज जो ‘ओला’ नाद सांगितला जातो, तो या दोन्ही मुद्रणांत नाही. तो स्प्रिंग रिव्हर्ब या, स्प्रिंगांच्या कंपनाने स्वराला घुमारा देणाऱ्या साधनाचा परिणाम होय. हॅमंड या विद्युत् ऑर्गनमध्ये आधीपासून असलेले हे तंत्र गिटार व ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी वेगळ्या पेटीत आणले. पेटीत ताणलेल्या स्प्रिंगांच्या एका टोकाला गिटारचा विद्युत् संकेत कंप देतो. कंप दुसऱ्या टोकाला पोहोचतो, तेथून परततो, पुन्हा जातो, आणि ही ये-जा मूळ स्वरात मिसळली की स्वराला शेपूट फुटते. तार तळहाताने दाबून छेडल्यास थेंब पडल्यासारखा आवाज येतो; पेटीला चुकून धक्का लागला, तर स्प्रिंगा एकमेकींवर आपटून गडगडाट होतो. बेल-एअर्समधील दोन गिटारवादकांपैकी एडी बर्ट्रांड यांना हा नाद हवा होता, पॉल जॉन्सन यांना नको होता, आणि संच फुटण्यामागे हे एक कारण होते असे सांगितले जाते.

डेल यांचे वादन तंत्रदृष्ट्या वेगळे होते. ते डावखुरे असून उजव्या हाताच्या गिटारची तारांची मांडणी न बदलता ती उलटी धरत, त्यामुळे जाड तारा खालच्या बाजूला येत. या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच जाड असत आणि त्यांवर नखीचे वर-खाली आघात अतिशीघ्र गतीने होत. सतारीच्या झाल्याची सवय असलेल्या कानाला हे अगदीच परके वाटू नये. त्यांच्या आवाजाच्या हव्यासापायी फेंडर यांना ‘शोमन’ हा शक्तिशाली ॲम्प्लिफायर व त्यासाठी १५ इंची स्पीकर सिद्ध करावा लागला. डेल यांचे वडील लेबनीज वंशाचे होते. पूर्व भूमध्य प्रदेशातील ‘मिसिर्लू’ हे गीत डेल यांनी १९६२ मध्ये याच गतीने वाजवले. या गीताचे उपलब्ध ग्रीक मुद्रण १९२७ चे असले तरी चाल बहुधा त्याहून जुनी आहे. तिची स्वरसप्तक-रचना, म्हणजे कोमल ऋषभ व धैवत आणि शुद्ध गांधार व निषाद, भैरव थाटाशी जुळते. हे साम्य स्वरांपुरतेच आहे, संबंध सुचवणारे नाही.

१९६३ हे या शाखेच्या भराचे वर्ष. सांता ॲना येथील शँटेज यांची ‘पाइपलाइन’ चौथ्या, तर ग्लेंडोराच्या सर्फारिस यांची ‘वाइप आउट’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. दुसरीतील रॉन विल्सन यांचा ड्रमचा तुकडा पुढे होतकरू ड्रमवादकांचा पाठ ठरला. समुद्रापासून दूर, कोलोरॅडोतील बोल्डर येथे ॲस्ट्रॉनॉट्स, तर ऑस्ट्रेलियात अटलांटिक्स हे संच याच धर्तीवर वाजवत होते.

१९६४ च्या आरंभी बीटल्स हा ब्रिटिश गायक-वादकांचा संच अमेरिकेत आला आणि गायनविरहित संचांची मागणी झपाट्याने ओसरली. राँदेव्हू नृत्यगृह १९६६ मध्ये आगीत नष्ट झाले. ‘मिसिर्लू’ १९९४ मध्ये ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीला वापरले गेले व डेल पुन्हा देशोदेशी कार्यक्रम करू लागले; आजारपणातही ते जवळजवळ अखेरपर्यंत वाजवत होते.