लेथच्या तासाचा दर कसा ठरतो, आणि जोडीचा पार्ट सोबत का आणायचा

"मेस्त्री, हातभर दांडा तर आहे. अर्ध्या तासाचं काम. त्याचे सातशे वीस रुपये कसे?"

आमच्या रत्नागिरीतल्या वर्कशॉपात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. त्याला मशीन फिरताना दिसतं तेवढाच वेळ दिसतो. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सगळा हिशोब लिहून ठेवावा म्हणून हे पत्रक काढलं आहे. काउंटरवर ठेवलंय, घरी न्या, निवांत वाचा. दर पटला नाही तर बोलायला या, पण आकडे बघून बोलूया.

आधी त्या सातशे वीस रुपयांचं सांगतो. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा होता. लेथच्या (पार्ट फिरवून कापणाऱ्या मशीनच्या) चकात, म्हणजे जबड्यात धरून डायल लावून सेंटर काढायला, टूल लावायला आणि जुन्या शाफ्टची मापं घ्यायला ४० मिनिटं गेली. प्रत्यक्ष कट मारायला २५ मिनिटं. मधेमधे मायक्रोमीटरने मोजणं, कडा मारणं, बेअरिंग बसवून बघणं यात १५ मिनिटं. एकूण ८० मिनिटं, तासाला ५४० रुपये, म्हणजे ७२० रुपये मजुरी. जॉब चकात धरला की आमचं घड्याळ सुरू होतं आणि जॉब खाली उतरला की थांबतं. मधे वीज गेली, चहा झाला, दुसऱ्या कोणाचा फोन आला, तो वेळ तुमच्या बिलात येत नाही. आयटीआयमधून नवीन मुलगा शिकायला आला आणि त्याला दुप्पट वेळ लागला, तर तोही तुमच्या बिलात येत नाही.

आता ५४० कुठून आले ते बघा. मी स्वतः, एक टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) आणि एक मदतनीस अशी तीन माणसं आहोत. टर्नरचा पगार महिना २२,०००, मदतनिसाचा १३,०००, दिवाळीला एक पगार बोनस. माझा घरखर्च ३०,००० धरला आहे. गाळ्याचं भाडं १०,०००, वीज सरासरी ८,०००. वर्षाला टूल, ड्रिल, ग्राइंडिंगची चाकं आणि तेल मिळून ७०,०००. मशीन आणि मोजमापाची साधनं मिळून ९ लाखांची, ती बारा वर्षं चालतील असं धरलं तर वर्षाला ७५,०००. विमा, दुरुस्ती, हिशोबनीस वगैरे ६४,०००. सगळं मिळून वर्षाचे १२,४०,००० रुपये होतात.

हे पैसे किती तासांत काढायचे, यावर सगळा दर ठरतो. रविवार, सण आणि रजा सोडून वर्षाला साधारण २९० दिवस काम होतं. आठ तासांनी माणशी २,३२० तास. मशीनवर मी आणि टर्नर, म्हणजे दोघांचे ४,६४०. बारा लाख चाळीस हजारांना त्याने भागलं तर तासाला २६७ रुपये येतात. बरेच जण इथेच थांबतात आणि "तीनशे रुपये तासाला भरपूर झाले" म्हणतात. नवीन वर्कशॉप काढणारी मुलंसुद्धा हाच भागाकार करतात. पहिलं वर्ष जोरात जातं. दुसऱ्या वर्षी मशीन दुरुस्तीला आलं की गल्ल्यात पैसे नसतात. माझीही पहिली तीन वर्षं अशीच गेली, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

कारण ४,६४० तासांचं बिल होतच नाही. आंबा घाटातून कोल्हापूरचा माल यायचा असतो, त्यासाठी फोन, वाट बघणं, उतरवणं. ग्राहकाशी बोलणं, अंदाज देणं. पावसाळ्यात विजेचा लपंडाव. आणि आपल्याकडची खारी हवा. संध्याकाळी मशीनचा बेड आणि स्लाइड पुसून तेल लावलं नाही तर सकाळी तांबूस थर चढलेला असतो, त्यामुळे रोजचा अर्धा तास त्यातच जातो. मागच्या वर्षी मी वहीत रोज लिहून ठेवलं. टर्नरचे १,५०० तास बिलात लागले, माझे १,०००. एकूण २,५००. आता भागा: तासाला ४९६ रुपये. लेथला आम्ही ५४० लावतो, मिलिंगला (फिरत्या कटरने कापायच्या कामाला) ६२०, ड्रिल आणि साध्या फिटिंगला ४००. माल आणि जीएसटी वेगळा. वरचे चार पैसे राहतात त्यातून पुढचं मशीन घ्यायचं आहे.

कोल्हापूरला उद्यमनगरात हेच काम कमी पैशांत होतं, असं काही जण सांगतात. होत असेल. शंभर नगांची ऑर्डर असेल तर मीही तुम्हाला तिकडे जायला सांगेन. तिथे एकदा सेटिंग लावलं की शंभर नग निघतात. आमच्याकडे सकाळी भाताच्या गिरणीची पुली, दुपारी बोटीचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), संध्याकाळी आंब्याच्या कॅनिंगच्या पल्परचा (गर काढायच्या मशीनचा) शाफ्ट, आणि प्रत्येकाला नवीन सेटिंग. पण याचा फायदा तुम्हीही घेऊ शकता. वरच्याच पंपाचे दोन शाफ्ट एकदम करून घेतलेत तर दुसऱ्याला फक्त ४० मिनिटं लागतात, ३६० रुपये. एक लावा, एक माळ्यावर ठेवा. बागेतला पंप मे महिन्यात बंद पडला की त्या ३६० रुपयांची किंमत कळते.

आता मुख्य गोष्ट. तुमचं बिल आमच्या दरामुळे जेवढं वाढतं त्याहून जास्त एका चुकीने वाढतं: मोडलेला पार्ट एकटाच आणणं. शाफ्ट येतो, बेअरिंग येत नाही. बुश येतो, शाफ्ट बोटीतच राहतो. पुली येते आणि चावी (पुली शाफ्टवर अडकवून धरणारा लोखंडी तुकडा) खिशात घरी जाते. "जुन्याच्या मापाने करा" असं सांगतात. पण जुना पार्ट झिजला म्हणूनच तर तो आमच्याकडे आला. झिजलेल्या मापाने नवीन केला तर तो नवीनच झिजलेला तयार होतो.

पंपाच्या ६२०६ नंबरच्या बेअरिंगचं भोक ३० मिलिमीटरचं असतं. शाफ्टची बैठक, म्हणजे बेअरिंग बसतं ती जागा, त्याहून साधारण एक शतांश मिलिमीटर जाड हवी, मग बेअरिंग नीट घट्ट बसतं. दोन शतांश बारीक झाली तर बेअरिंग हाताने सरकन आत जातं. ग्राहक खूश होतो आणि महिन्याभरात आतली रिंग शाफ्टवर फिरून बैठक खाऊन टाकते. माणसाचा केस पाच ते दहा शतांश जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. फोनवर "दोन सूत कमी करा" असं सांगतात तेव्हा म्हणून मला भीती वाटते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त. सुतारकामाला सूत चालतं, बेअरिंगला नाही.

बोटीच्या शाफ्टचं तर याहून नाजूक आहे. पंखा (प्रोपेलर) बसतो ते टोक टेपर, म्हणजे निमुळतं असतं. टेपर १ ला १० असेल (दहा मिलिमीटर लांबीला जाडीत एक मिलिमीटरचा फरक) आणि जाडीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर पंखा पाच मिलिमीटर पुढे-मागे बसतो. टेपर जाड झाला तर पंखा पुरता चढत नाही आणि नटाला आटे पुरत नाहीत. बारीक झाला तर पंखा जास्त आत जातो, नट आटे संपून थांबतो आणि पंखा मात्र ढिलाच राहतो. म्हणून टेपरला निळा रंग लावून पंखा त्यावर फिरवून बघावा लागतो. रंग पंख्याच्या भोकात सगळीकडे सारखा उतरला पाहिजे. फक्त तोंडाशी उतरला, तर सगळा भार त्या चिंचोळ्या पट्टीवर येतो आणि शाफ्ट चावीच्या गाळ्यापाशी (खाचेपाशी) तुटतो. तेही बंदरात नाही, बाहेर समुद्रात.

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक शाफ्ट आला. पंखा जड, टेम्पोत जागा नाही, म्हणून तो बंदरावरच ठेवलेला. घाई होती, मी जुन्या टेपरवरून माप घेतलं. तीन तास काम केलं. बंदरावर पंखा बसेना. शाफ्ट परत आला, या वेळी पंख्यासह, आणि पुन्हा अडीच तास. टेम्पोच्या दोन जादा फेऱ्या झाल्या आणि बोट पहिल्या दोन दिवसांच्या मासेमारीला मुकली. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत, कारण पंखा नसताना टेपर कापायला घेणं ही माझी चूक होती. तेव्हापासून पंखा समोर असल्याशिवाय आम्ही टेपर कापत नाही. कितीही ओळख असली, कितीही घाई असली तरी. यावरून दोन-तीन तांडेल (बोटीचे प्रमुख) नाराज झालेत, त्यांना माझी बाजू कळावी एवढीच इच्छा आहे.

पंखा आणणं खरंच जमत नसेल तर आधी सांगा. आम्ही गेज घेऊन बंदरावर येतो, भोकाची दोन्ही टोकांची मापं आणि लांबी घेऊन जातो. रत्नागिरी परिसरात याचे ५०० रुपये पडतात. चुकीच्या शाफ्टपेक्षा ते स्वस्तच आहेत. एकदा घेतलेलं माप बोटीच्या नोंदणी क्रमांकाने आमच्या वहीत राहतं, पुढच्या वर्षी नुसता फोन केलात तरी चालतं.

घरी वेल्डिंग मारून आणलेल्या शाफ्टबद्दलही थोडं. वेल्डिंगचा तो भाग कडक होतो, टूल घसरतं, टूलच्या दोन-दोन टिपा जातात आणि वेळ दुप्पट लागतो. भर घालायचाच असेल तर तो आमच्याकडे घाला, योग्य रॉडने घालतो. खाऱ्या पाण्यातल्या शाफ्टला शक्य असेल तर एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ घ्या. ३०४ पेक्षा महाग पडतो, पण त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे कमी पडतात. साध्या मशीनच्या शाफ्टला ईएन८ (साधं पोलाद) पुरेसं आहे, तिथे महाग माल आम्ही सुचवणार नाही.

वेळेचं एवढंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि सगळ्या बोटी त्याच काळात वर येतात. त्यातही निम्मी कामं २० जुलैनंतर येतात. तेव्हा रात्री दहापर्यंत काम चालतं, टर्नरला जादा पैसे द्यावे लागतात, म्हणून २० जुलैपासूनच्या कामाला दर २५ टक्के वाढतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाफ्ट, पंखा, बुश आणि चावी एकत्र आणून दिलंत तर साधा दर लागतो, आणि काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज मिळतो. बिल त्या अंदाजाच्या दहा टक्क्यांवर जाणार असेल तर मशीन थांबवून आधी तुम्हाला फोन करू. आमच्या हातून जॉब बिघडला तर माल आणि मजुरी दोन्ही आमच्याकडे.

गणपतीचे पाच दिवस वर्कशॉप बंद राहील.