गालिच्याखालचा गोरा चौकोन

दिवाळीच्या साफसफाईत ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या मैत्रिणीनं हॉलमधला गालिचा उचलला आणि खाली फिका चौकोन निघाला. ओकचं फ्लोअरिंग, वर पॉलिश, बसवून दोनच वर्षं झालेली. "गालिच्यानं रंग ओढून घेतला गं!" ती हळहळली. खरं तर तो चौकोनच होता तसा राहिला होता. रंग बदलला होता बाकीच्या हॉलचा.

लाकडात साधारण 20 ते 30 टक्के लिग्निन असतं. पेशींना घट्ट धरून ठेवणारा हा पदार्थ, पण उजेडाचं त्याला वावडं. अतिनील किरण शोषले की त्याचे रेणू तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची गाठ पडते आणि क्विनोनसारखी पिवळट-तपकिरी संयुगं तयार होतात. रद्दीतला पेपर पिवळा पडतो तोही लिग्निनमुळेच. हे सगळं घडतं मात्र वरच्या पापुद्र्यात. अतिनील किरण लाकडात शिरतात ते जेमतेम 75 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढे. म्हणून तर पॉलिशवाल्यानं मशीननं घासलं की खालून पुन्हा गोरं लाकूड निघतं.

"पण खिडकी तर बंदच असते!" साधी काच सर्वांत तीव्र अतिनील किरण अडवते, त्यांच्यापेक्षा लांब तरंगलांबीचे बरेचसे आत सोडते. शिवाय डोळ्यांना दिसणारा जांभळा-निळा प्रकाशही थोडंफार हेच काम करतो. त्यामुळे काचेवर फिल्म लावली तर रंग बदलायचा वेग कमी होतो, थांबत नाही.

आपण खापर फोडतो उन्हाळ्यावर. पण मेमध्ये ठाण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच दुपारी जेमतेम 47 अंशांवर येतो आणि वर छज्जा नसेल तर सात फुटी सरकत्या दारातून ऊन सहा फूट आत पसरतं. पश्चिमेच्या घरांचं वेगळं. सूर्य येऊरच्या डोंगराआड जाईपर्यंत तिरपं ऊन झेलायचं.

प्रत्येक लाकडाची तऱ्हा निराळी. ओक आणि चेरी गडद होतात, अक्रोड उलट फिका पडतो. ताज्या कापलेल्या सागवानावरचे विचित्र पट्टे तर उजेडातच मिटतात आणि सोनेरी तपकिरी रंग एकसारखा होतो. त्यात पॉलिश तेलाधारित पॉलियुरेथेनचं असेल तर ते स्वतःच पिवळं पडतं, आणि दोष जातो लाकडाला.

बदल सुरुवातीला झपाट्यानं होतो, मग मंदावतो. त्यामुळे झाकलेला भाग उघडा ठेवला की मागून येऊन बाकीच्याला बराचसा गाठतो. मैत्रिणीनं गालिचा गुंडाळून कपाटाआड उभा केलाय. चौकोनाच्या कडा आता पुसट व्हायला लागल्यात.