रबरी ठशांचे पानगळीचे भेटकार्ड

कोरीव रबरी ठशावर शाई लावून जाड कागदावर पाने, भोपळे, ओकची फळे उमटवायची आणि त्यातून हाताने तयार करायचे शुभेच्छापत्र. उत्तर अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत ही कार्डे बनतात आणि बरीचशी थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने धाडली जातात. हा सण अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तर कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो.

तिकडच्या या पानगळीच्या ऋतूला मराठीत सर्रास ‘शरद’ म्हणतात. महिने साधारण जुळतात, पण चित्र जुळत नाही. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेले आभाळ आणि कोजागरीचे चांदणे. पाने गळतात ती शिशिरात. तिकडे मात्र याच दिवसांत मेपल पेटल्यासारखा दिसतो. पानातले हरितद्रव्य ओसरले की आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडांत लाल द्रव्य नव्याने तयार होते. म्हणून एकाच पानावर मध्ये पिवळा आणि कडेला तांबडा असा मेळ दिसतो. ठशाने नेमका तोच पकडायचा असतो.

गंधक मिसळून रबर तापवले की ते टिकाऊ होते, हे अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगले. रबरी शिक्के आले ते १८६० च्या दशकात. पहिला शिक्का कोणी केला यावर एकापेक्षा जास्त दावे आहेत. सुरुवातीचे शिक्के घडवायला दंतवैद्यांची कवळ्यांचे रबर तापवायची भांडी कामी आली, हे त्यातले गमतीचे. शिक्का कचेरीसाठी होता. शंभर कागदांवर शंभरदा तेच उमटावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ च्या सुमारास असेच कचेरीतले शिक्के चित्रांत वापरले, आणि पुढे टपालातून कला पाठवणाऱ्या रे जॉन्सन यांच्यासारख्यांनीही. घरगुती छंद म्हणून अमेरिकेत त्याची लाट आली ती १९८० नंतर.

कार्डाचे रूढ माप तिथल्या कागदावरून ठरले आहे. ८.५ × ११ इंचांचा ताव आडवा मधोमध कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाची घडी घातली की ४.२५ × ५.५ इंचांचे कार्ड. कागद वाया जात नाही. ठसे दोन तऱ्हांचे : लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेले रबर आणि अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावायचे पारदर्शक ठसे. दुसऱ्यात ठसा कुठे बसतोय ते आरपार दिसते, त्यामुळे नवशिक्याला ते सोपे जातात. रेषेची धार मात्र चांगल्या रबराचीच.

पानासाठी खास युक्ती अशी : ठशावर आधी पिवळी शाई पूर्ण लावायची, मग त्याची फक्त कड तांबड्या किंवा तपकिरी शाईच्या गादीवर फिरवायची. क्रम उलटा केला तर पिवळी गादी कायमची मळते. कागदावर मात्र ठसा सरळ दाबून सरळ उचलायचा. इथे तो जरा डुलला की रबराच्या कडेचा डाग पडलाच. कड दर वेळी थोडी वेगळी फिरते, म्हणून एकाच ठशाची दोन पाने सहसा सारखी येत नाहीत. कचेरीच्या शिक्क्याचा जो दोष, तोच इथे गुण.

पानांचा ढीग दाखवायचा तर सर्वांत वरचे पान आधी छापतात. तेच पान पातळ कागदावर छापून, कापून पहिल्यावर झाकण म्हणून ठेवतात आणि दुसरा ठसा त्यावरून मारतात. झाकण काढले की दुसरे पान मागे गेलेले दिसते. तांब्याची झळाळी हवी असेल तर सावकाश वाळणारी घट्ट शाई वापरून, ती ओली असतानाच वर तांब्याच्या रंगाची, उष्णतेने वितळणारी बारीक भुकटी पेरतात, जादा झटकून टाकतात आणि गरम हवेच्या यंत्राने तापवतात. भुकटी वितळताच रेषा उंच आणि चकचकीत होते. केस वाळवायचा ड्रायर इथे बहुधा कुचकामी : हवेचा झोत जोरात, उष्णता कमी, भुकटी टेबलभर.

महाराष्ट्रात शाळेच्या चित्रकलेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे अनेकांनी उमटवलेले असतात, तत्त्व तेच. याच दिवसांत पान देण्याची आपली रीत म्हणजे दसऱ्याचे आपट्याचे ‘सोने’, पण ते खरे पान.

कार्ड चौरस केले किंवा त्यावर बटण, रिबीन चिकटवली, तर अमेरिकेत ते टपालाच्या यंत्रातून नीट जात नाही आणि जादा तिकीट लावावे लागते.