हिवाळ्यापुरतं वाळवंट: ॲरिझोनातल्या निवृत्तांच्या वस्त्या कशा उभ्या राहिल्या

ऑक्टोबर सरत आला की मिनेसोटा, आयोवा, डकोटा आणि कॅनडाच्या अल्बर्टा-सस्कॅचेवान भागातली निवृत्त जोडपी दक्षिणेची वाट धरतात. कोणी गाडीमागे ट्रेलर जोडून निघतं, कोणी विमानानं येऊन सहा महिने बंद असलेलं घर उघडतं. मुक्काम ॲरिझोनात, फिनिक्सच्या आसपास, मेसाला, युमाला किंवा क्वार्टझाइटला. परतीची वेळ एप्रिल. तिथले लोक त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगमध्ये पारा शून्याच्या दहा-पंधरा अंश खाली असतो, तेव्हा फिनिक्समध्ये दुपारी २० अंशांचं कोवळं ऊन असतं. एवढ्यावरून हे स्थलांतर आपोआप सुरू झालं असं वाटेल. पण ऊन तर पूर्वीपासूनच होतं. म्हातारपणी तिथे जाऊन राहणं गेल्या साठ-सत्तर वर्षांत शक्य झालं, आणि त्यामागे पेन्शन, रस्ते, वीज, पाणी आणि कायदा या सगळ्यांचा हात आहे.

त्याआधी या वाळवंटात बाहेरून यायचे ते आजारी लोक. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात डॉक्टर कोरड्या हवेचा सल्ला देत. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेला आरोग्यधामं निघाली ती याच समजुतीतून. टूसॉनच्या उत्तरेला क्षयरोग्यांच्या तंबूंची वस्तीच पडली होती. फिनिक्सच्या हद्दीत तंबू चालत नसत, म्हणून गरीब रोगी शहराबाहेर सनीस्लोपला जाऊन राहिले. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि हवापालटाची ती गरज हळूहळू संपली. ‘ॲरिझोनाची हवा प्रकृतीला मानवते’ हा लौकिक मात्र टिकला, आणि पुढे घरं विकायला तोच उपयोगी पडला.

१९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानं अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती दरमहा पैसा येऊ लागला. महायुद्धानंतर कारखान्यांची पेन्शनं आली. १९५६ नंतर महामार्गांचं जाळं विणलं गेलं. घरोघरी आधी पाण्याचे कूलर आणि मग वातानुकूलन यंत्रं बसल्यावर वाळवंटात बारमाही घर बांधणं परवडू लागलं.

१९५४ साली बेन श्लायफर यांनी फिनिक्सच्या वायव्येला यंगटाउन वसवलं. फक्त वयस्कांसाठी, लहानशी घरं, साधी राहणी. शेजारीच कापसाची शेतं होती. ती जमीन घेऊन डेल वेब या बांधकाम व्यावसायिकानं तीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. वेब मूळचा सुतार. लास व्हेगासमधल्या फ्लेमिंगो हॉटेलचं बांधकाम त्याच्या नावावर होतं आणि न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघात त्याची भागीदारी होती. म्हातारी माणसं नातवंडांपासून दूर राहायला तयार होणार नाहीत, असं त्या वेळी अनेक जाणकारांचं मत होतं. वेबनं उलटा हिशेब केला. गोल्फचं मैदान, करमणूक केंद्र आणि दुकानं आधी बांधली, घरं नंतर विकायला काढली. १ जानेवारी १९६० ला ही वस्ती, सन सिटी, खुली झाली आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसं पाहायला आली. १९६२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वेब झळकला.

इथे विकली गेली ती दिनचर्या. सकाळी पोहणं, दुपारी लाकूडकाम किंवा शिवणकामाचा क्लब, संध्याकाळी पत्ते, जायला-यायला गोल्फ कार्ट. कामावरून उतरलेल्या माणसाचा दिवस कशानं भरायचा, या प्रश्नाला एवढं सविस्तर उत्तर आधी कोणी दिलं नव्हतं, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही.

पण त्या दिनचर्येला कुंपण होतं. लहान मुलांना तिथे कायम राहता येत नसे. शाळांसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव सन सिटीतले मतदार वारंवार हाणून पाडत. शेवटी १९७० च्या दशकात सन सिटी शेजारच्या पिओरियाच्या शाळा-जिल्ह्यातून (म्हणजे शाळा चालवणाऱ्या आणि त्यासाठी कर घेणाऱ्या विभागातून) बाहेर पडली. १९८८ मध्ये मुलं असलेल्या कुटुंबांना घर नाकारणं देशभर बेकायदा ठरलं, तरी वयस्कांच्या वस्त्यांना सूट मिळाली. १९९५ च्या कायद्यानं ती आणखी सोपी केली: वस्तीतल्या किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून जास्त वयाचा असला की झालं.

ज्यांना घर घेणं परवडत नव्हतं किंवा बांधून घ्यायचं नव्हतं, त्यांनी वेगळी वाट काढली. जेमतेम अडीच हजार वस्तीच्या क्वार्टझाइटला दर हिवाळ्यात ट्रेलरचा सागर उसळतो. १९६० च्या दशकात तिथे खडे-रत्नांचं प्रदर्शन भरू लागलं आणि गर्दी वाढत गेली. भोवतालची जमीन केंद्र सरकारची. माणसं वाटेल तिथे तळ ठोकू लागली तेव्हा १९८३ मध्ये दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं आखून दिली गेली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढा हंगाम, त्याचं शुल्क बरीच वर्षं १८० डॉलर. पाणी, वीज, सांडपाणी यांची जोडणी ट्रेलरपाशी मिळत नाही. युमाचे पाहुणे दात दाखवायला सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला चालत जातात, कारण मेडिकेअर या अमेरिकेतल्या वयस्कांच्या सरकारी आरोग्यविम्यात दातांची नेहमीची कामं बसत नाहीत.

कॅनडावाल्यांना तर दिवसांचा हिशेब ठेवावाच लागतो. अमेरिकेत साधारण सहा महिने राहता येतं. ऑन्टॅरियोतला माणूस बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहिला, तर त्याचा सरकारी आरोग्यविमा धोक्यात येतो. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी आई-वडिलांना असल्या मोजदादीची चांगली सवय आहे. ११ एप्रिल २०२५ पासून, रस्त्यानं सीमा ओलांडून ३० दिवस किंवा त्याहून जास्त राहणाऱ्या कॅनेडियनांना सरकारकडे नोंदणीही करावी लागते.

एप्रिलमध्ये निघण्याआधी घर बंद करण्याचं एक शास्त्रच आहे. पाण्याचा मुख्य नळ बंद, फ्रिज रिकामा करून दार उघडं, संडासाच्या भांड्यावर प्लास्टिक ताणून लावलेलं, नाहीतर आतलं पाणी सुकून गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. किल्ली शेजाऱ्याकडे.

तो शेजारी मात्र तिथेच असतो, आणि या सगळ्या इतिहासात सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याच्याबद्दल. उत्तरेतलं घर विकून आलेली, जोडीदार गेलेली, तुटपुंज्या पेन्शनवर जगणारी कित्येक माणसं बारा महिने वाळवंटातच असतात. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर गेलं. फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्याआधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, सन सिटीजवळच्या सन सिटी वेस्ट या वस्तीतल्या ७२ वर्षांच्या एका एकट्या बाईची वीज ५१ डॉलर थकले म्हणून तोडली गेली. त्या दिवशी तापमान ४१ अंशांच्या पुढे होतं. ती घरात मृत सापडली. २०१९ मध्ये ही गोष्ट उजेडात आल्यावर लोक संतापले आणि राज्याच्या नियामक आयोगानं १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज तोडायला बंदी घातली.