बीएलडीसी पंखा

बीएलडीसी पंखा : ज्याच्या मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवते असा छताचा पंखा. तो साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी विजेवर चालतो. ही अक्षरे ‘ब्रशलेस डीसी’ची असली, तरी दुकानात आणि वायरमनच्या तोंडी ‘बीएलडीसी’ एवढेच नाव रुळले आहे.

साध्या पंख्यात कपॅसिटरवर चालणारी इंडक्शन मोटर असते. तिच्या फिरत्या भागात चुंबकत्व विजेनेच निर्माण करावे लागते आणि त्या व्यवहारात बरीच वीज उष्णता होऊन जाते. बीएलडीसीच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात. वेटोळ्यांतला प्रवाह कोणत्या क्षणी कुठे वळवायचा, हे आतली पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, पाहते. ४८ इंची पंख्याला पूर्ण वेगात साध्या मोटरने सुमारे ७५ वॉट लागतात, बीएलडीसीने सुमारे ३०. हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे निम्म्या वेगाला आठवा हिस्सा. बीएलडीसी या नियमाचा बराचसा लाभ घेते. खोक्यासारखा जुना रेग्युलेटर मात्र वाचलेली वीज स्वतः तापण्यात घालवतो.

हीच मोटर थंड देशांत घर तापवणाऱ्या भट्टीच्या ब्लोअरमध्ये, म्हणजे गरम हवा ढकलणाऱ्या पंख्यात, बसवतात. अमेरिकेत जुलै २०१९पासून लागू झालेल्या कार्यक्षमतेच्या नियमांनी ती नव्या भट्ट्यांत जवळपास अटळच केली. तिथल्या हिशेबात एक गंमत आहे : जुनी मोटर वाया घालवते ती उष्णता हिवाळ्यात घरालाच मिळते, त्यामुळे वीज वाचली तरी गॅस थोडा जास्त जळतो. मुंबईत असा दिलासा नाही. इथे पंख्याने खाल्लेला प्रत्येक वॉट शेवटी त्याच दमट खोलीत उष्णता होऊन उरतो.

फायदा किती, हे दोन गोष्टींवर ठरते : पंखा किती तास फिरतो आणि बिल कोणत्या स्लॅबमध्ये जाते. रोज १२ तास पूर्ण वेगात चालणारा पंखा बदलला, तर ४५ वॉटच्या फरकाने वर्षाला सुमारे १९७ युनिट वाचतात. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, असे वीजपुरवठादार वेगळे असले तरी घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे असते. ते ५ रुपयांचे धरले तर वर्षाला हजाराच्या आत-बाहेर, १२ रुपयांचे धरले तर सुमारे २,३५० रुपये वाचतात. नवा पंखा घ्यायचाच असेल तर साध्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त मोजावे लागतात. ते वर्ष-दीड वर्षात सुटतात. चांगला चालणारा पंखा काढून टाकायचा असेल तर मात्र पूर्ण तीन हजारांचा हिशेब धरायला हवा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलणे ही निव्वळ हौस.

इथेच उलटी गाठ बसते. चाळीतल्या एका खोलीत एकच पंखा रात्रंदिवस फिरतो, म्हणजे युनिट सर्वाधिक तिथे वाचतात. पण बिल खालच्या स्लॅबमध्ये असल्याने त्या युनिटाचे पैसे कमी मिळतात. मोठ्या फ्लॅटमध्ये दर चढा असतो, पण एसी लावला की पंखा दोनवर येतो.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हा पंखा जास्त वेळ चालतो, ही जाहिरातीतली मोठी गोष्ट. मुंबईकराला तिचे अप्रूप कमी. इथे सगळ्या शहराची वीज गेली त्या १२ ऑक्टोबर २०२०सारखा दिवस विरळा, म्हणून तर तो तारखेनिशी लक्षात राहतो. वसई किंवा कल्याणपलीकडे हा मुद्दा जड ठरू शकतो.

तोट्याची बाजू दुरुस्तीची आहे. साधा पंखा मंदावला की नाक्यावरचा वायरमन कपॅसिटर बदलून मोकळा होतो. बीएलडीसीची पीसीबी गेली तर कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते आणि वॉरंटी संपल्यावर बोर्डाचा खर्च वर्षभराची बचत गिळू शकतो. विजेचा झटका आणि दमट हवा हे पीसीबीचे जुने वैरी. समुद्रालगत खारट हवेची भर. बसवताना बहुतेक मॉडेलसाठी भिंतीवरचा रेग्युलेटर काढून थेट जोडणी करावी लागते. हे न केल्याने नवा पंखा थरथरतो आणि दोष पंख्यावर जातो. रिमोट हरवणे हा घरोघरचा स्वतंत्र अध्याय.

या पंख्याच्या प्रसारात मुंबईचा वाटा आहे : ॲटमबर्ग ही कंपनी २०१२ मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेल्यांनी सुरू केली. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले. त्यात नुसते वॉट न पाहता एका वॉटमागे मिळणारी हवा मोजतात, आणि ते योग्यच आहे. कमी वीज खाऊन वारा न देणारा पंखा काय कामाचा?

भाड्याच्या घरांत प्रश्न वेगळाच. पंखा घरमालकाचा, बिल भाडेकरूचे, करार अकरा महिन्यांचा. मालकाला महाग पंख्यात रस नसतो, भाडेकरूला पैसे वसूल होईपर्यंत राहण्याची खात्री नसते. तरीही घ्यायचाच तर मालकाचा पंखा उतरवून माळ्यावर ठेवावा आणि घर सोडताना आपला पंखा सोबत न्यावा. चार स्क्रूंचे काम आहे. फक्त रेग्युलेटरची जोडणी पूर्ववत करून द्यायला विसरू नये.