फायनल फोर : युरोपच्या बास्केटबॉल अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यांची पार्श्वभूमी

युरोपमधील क्लब बास्केटबॉलचे सर्वोच्च अजिंक्यपद, म्हणजेच आजची युरोलीग, मे महिन्याच्या अखेरीस एकाच शहरात, एकाच सभागृहात आणि तीन दिवसांत निकाली निघते. उपांत्य फेरीचे दोन सामने एका दिवशी आणि अंतिम सामना एका दिवसाच्या विश्रांतीनंतर, अशी ही रचना असून तिलाच ‘फायनल फोर’ म्हणतात. अमेरिकेतील एनबीएचा विजेता सात सामन्यांच्या मालिकेतून ठरतो. युरोपात मात्र आठ महिन्यांच्या मेहनतीचा फैसला चाळीस मिनिटांत होतो. ही पद्धत पहिल्या दिवसापासून ठरलेली नव्हती. राजकारण आणि संघटनांमधील वाद यांनी तिला अनेकदा वळण दिले.

फिबा या जागतिक संघटनेने 1958 मध्ये ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा अंतिम फेरीत एक सामना स्वतःच्या आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळून दोन्हींतील गुणांची बेरीज केली जात असे. अलेक्सांद्र गोमेल्स्की यांच्या मार्गदर्शनाखालील रीगाच्या सैनिकी संघाने पहिली तिन्ही अजिंक्यपदे याच पद्धतीने जिंकली. 1962 मध्ये मात्र सोव्हिएत क्लब दिनामो तिबिलिसी आणि स्पेनचा रेआल माद्रिद समोरासमोर आले, आणि हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतील स्पेनला आपला संघ सोव्हिएत भूमीवर पाठवणे मान्य नसल्याने जिनिव्हाच्या तटस्थ मैदानावर एकच सामना घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी रेआल आणि मॉस्कोचा सीएसकेए यांनी आपापल्या घरचा सामना प्रत्येकी 17 गुणांनी जिंकला, बेरीज समान झाली आणि तिसरा सामना मॉस्कोतच खेळवावा लागला. साहजिकच यजमानांची सरशी झाली. दोन सामन्यांच्या पद्धतीतील उणीव यापेक्षा स्पष्टपणे दिसणे कठीण होते.

1966 मध्ये इटलीतील बोलोन्यात पहिल्यांदा चार संघ एकत्र आले आणि मिलानच्या सिमेंथाल संघाने स्लाविया प्रागला हरवून विजेतेपद मिळवले. ऑक्सफर्डमध्ये शिकत असलेला आणि पुढे अमेरिकेचा सिनेटर झालेला बिल ब्रॅडली या संघातून खेळत होता. 1967 मध्ये माद्रिदलाही अशीच स्पर्धा झाली. त्यानंतर ही कल्पना दोन दशके बाजूला पडली आणि तटस्थ शहरातील एकच अंतिम सामना रूढ झाला. 1970 ते 1979 या दहाही अंतिम सामन्यांत इटलीचा वारेसे संघ होता, आणि त्यांपैकी पाच त्याने जिंकले.

1988 मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात फायनल फोर परतली, आणि माझ्या मते या स्पर्धेचा खरा स्वभाव तेव्हापासून घडला. मालिकेत खोल राखीव फळी असलेला श्रीमंत संघ सहसा वर येतो; फायनल फोरच्या दोन सामन्यांत मात्र तरुण, निर्भय संघालाही दार उघडे असते. टोनी कुकोचच्या, युगोस्लाव्हियातील स्प्लिट संघाने 1989 पासून सलग तीन वेळा हे सिद्ध केले.

त्याहून मोलाचे उदाहरण 1992 च्या इस्तंबूलचे. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे बेलग्रेडच्या पार्टिझानला त्या हंगामातील घरचे बहुतेक सामने स्पेनमधील फुएनलाब्रादा शहरात खेळावे लागले होते. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच यांचे ते त्या पदावरचे पहिलेच वर्ष. स्पेनमधील बादालोनाच्या होव्हेन्तुतविरुद्धच्या अंतिम सामन्यात अखेरच्या काही सेकंदांत पार्टिझान 68–70 असा मागे होता. साशा जोर्जेविचने चेंडू घेऊन उजव्या बाजूने मुसंडी मारली, धावता धावताच तीन गुणांचा फटका घेतला आणि सामना 71–70 असा जिंकला. त्यानंतर युगोस्लाव्हियावर लागू झालेल्या निर्बंधांमुळे या संघाला पुढच्या हंगामात विजेतेपद राखण्यासाठी उतरताही आले नाही. एका संघावर झालेला तो अन्याय आजही सलतो. ओब्रादोविच यांनी पुढे ही स्पर्धा एकूण नऊ वेळा जिंकली, आणि त्यांतील दुसरे विजेतेपद 1994 मध्ये त्याच होव्हेन्तुतसोबत मिळवले.

2000 मध्ये मोठ्या क्लबांनी फिबापासून फारकत घेऊन स्वतंत्र युरोलीग उभी केली. परिणामी 2001 मध्ये युरोपला दोन विजेते लाभले. फिबाच्या स्पर्धेत पॅरिसच्या फायनल फोरमधून मक्काबी तेल अवीव जिंकला, तर नव्या लीगने पाच सामन्यांची अंतिम मालिका खेळवली आणि मानू जिनोबिलीच्या बोलोन्याने स्पेनच्या ताऊला 3–2 असे हरवले. मालिका चुरशीची झाली, तरी 2002 मध्ये एकत्रित स्पर्धेने पुन्हा फायनल फोरच स्वीकारली. मालिका पुढे आली ती फक्त उपांत्यपूर्व फेरीपुरती.

हा निर्णय किती दूरगामी होता, हे 2012 मध्ये इस्तंबूललाच दिसले. ग्रीसचा ऑलिम्पियाकोस संघ तिसऱ्या सत्रात सीएसकेएपेक्षा 19 गुणांनी मागे होता. शेवटच्या दहा सेकंदांत सीएसकेएच्या अनुभवी शिश्काउस्कासचे दोन्ही फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मुक्त फटके) हुकले. ऑलिम्पियाकोसच्या स्पानुलिसने आत मुसंडी मारून सहकारी प्रिन्तेझिसकडे चेंडू दिला आणि 0.7 सेकंद शिल्लक असताना त्यांच्या बाजूने 62–61 असा निकाल लागला. मालिका असती, तर सीएसकेएला दोन दिवसांत परतफेडीची संधी मिळाली असती.

2025 मध्ये ही स्पर्धा अबू धाबीला गेली आणि तुर्कस्तानच्या फेनरबाचेने मोनाकोला 81–70 असे हरवले. प्रवासाचा खर्च सोसून प्रेक्षागृह भरणाऱ्या पाठीराख्यांना इतक्या दूर नेणे मला पटत नाही. सामन्यांची पद्धत मात्र गेंटमध्ये ठरली तीच राहिली.