अकरा किलो गेले, तेरा परत आले

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. ठाण्यातल्या कचराळी तलावाभोवती सकाळच्या फेऱ्या मारताना माझी भाची सोबत होती. दुसऱ्या फेरीनंतर ती बाकावर बसली आणि म्हणाली, "मावशी, माझ्यात जिद्दच नाही गं."

दोन वर्षांपूर्वी लग्नाआधी तिने तीन महिन्यांत ११ किलो वजन उतरवलं होतं, ६६ वरून ५५. रिक्षांच्या मागे 'महिन्यात इतके किलो' अशी जाहिरात असते, त्यातलाच एक पॅक घेतला होता. सकाळ-संध्याकाळ पावडर कालवलेलं पेय आणि दुपारी काकडी-टोमॅटो. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या दीड वर्षात काटा ६८ वर गेला आणि तीच मंडळी हळदीकुंकवाला म्हणाली, "किती सुटलीस गं!" तिने ते सगळं स्वतःच्या नाकर्तेपणाच्या खात्यात मांडून टाकलं. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. तिचा हिशेब चुकलाय हे मला त्या बाकावरच दिसत होतं.

आधी एक आकडेमोड. दिवसाला २००० कॅलरी खाणारा माणूस वर्षाला ७,३०,००० कॅलरी खातो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे वर्षभरात एक किलो वजन वाढलं, तर हिशेबातली चूक झाली फक्त एक टक्क्याची. रोजच्या २१ कॅलरी, एखाद्या ग्लुकोज बिस्किटाएवढ्या! वरणावर तुपाची धार किती पडली, मिसळीसोबत पाव दोन खाल्ले की तीन, हे कोणी मोजत नाही. तरीही बहुतेकांचं वजन वर्षभरात एक-दोन किलोंच्या आतबाहेर राहतं. इतकी काटेकोर जमाखर्चाची वही आत कोण लिहीत असेल?

या प्रश्नाचं उत्तर उंदरांनी दिलं, आणि ती गोष्ट मला विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटते.

अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक विलक्षण लठ्ठ उंदीर सापडला. त्याची नोंद १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तो सतत खात असे. दोष एका जनुकात होता, त्याला 'ओबी' नाव दिलं. पुढे १९६६ मध्ये दुसऱ्या जातीच्या लठ्ठ उंदरांची नोंद झाली. दिसायला तसेच, पण दोष वेगळ्या जनुकात. त्याचं नाव 'डीबी'. याच प्रयोगशाळेतल्या डग्लस कोलमन यांनी या उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या, म्हणजे एकाच्या रक्तातलं द्रव्य दुसऱ्यात थोडं थोडं जाऊ लागलं. डीबी उंदीर सामान्य उंदराला जोडला, तर सामान्य उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. डीबी तसाच लठ्ठ राहिला. मग ओबी उंदीर सामान्य उंदराला जोडला. आता ओबी कमी खाऊ लागला, त्याचं वजन उतरलं. शेवटी दोन्ही लठ्ठ एकमेकांना जोडले. ओबीने अन्न टाकलं आणि मेला, डीबी जसाच्या तसा.

इथे पुढे वाचण्याआधी क्षणभर थांबून स्वतः उत्तर काढून पाहा. वर्गात मी मुलांना हे कोडं घालायचे, आणि दरवर्षी एखादी तरी मुलगी बाकावरून उसळून उठायची.

रक्तात 'पोट भरलं, साठा पुरेसा आहे' असं सांगणारा एक निरोप फिरतो. ओबी उंदराला तो निरोप तयार करता येत नाही, पण मिळाला तर कळतो. डीबी उंदीर निरोप भरपूर तयार करतो, पण त्याला तो ऐकूच येत नाही. म्हणून त्याच्या रक्तातला पूर जोडीदाराला उपाशी मारतो. हे द्रव्य कोणतं, हे कोलमन यांना सापडलं नाही. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ते जनुक शोधून काढलं. त्यापासून बनणारं प्रथिन चरबीच्या पेशीच तयार करून रक्तात सोडतात. ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे बारीक, त्यावरून त्याचं नाव ठेवलं लेप्टिन. तोवर चरबी म्हणजे निव्वळ कोठार असं पाठ्यपुस्तकं शिकवायची. आता कळलं की कोठार स्वतःच आपल्या साठ्याची खबर मेंदूला धाडतं.

लेप्टिन पोचतं मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये. तिथल्या आर्क्युएट न्यूक्लियस नावाच्या इवल्याशा भागात दोन प्रकारच्या चेतापेशी शेजारी शेजारी असतात. एजीआरपी पेशी पेटल्या की भूक लागते. पीओएमसी पेशी पेटल्या की तृप्ती येते. लेप्टिन पहिल्यांना शांत करतं, दुसऱ्यांना जागं करतं. पीओएमसी हे एक लांबलचक प्रथिन, त्याचे तुकडे पडून अल्फा-एमएसएच तयार होतं आणि ते एमसी४आर नावाच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं. भुकेच्या पेशींनी सोडलेलं एजीआरपी नेमकं याच ग्राहीवर बसून उलटा हुकूम देतं. एका कुलपाला दोन किल्ल्या, एक उघडणारी, एक बंद करणारी. याच अल्फा-एमएसएचचा त्वचेच्या आणि केसांच्या रंगाशीही संबंध आहे. म्हणून पीओएमसीत दोष घेऊन जन्मलेल्या युरोपातल्या काही मुलांमध्ये अनावर भूक आणि लाल केस एकत्र दिसले. इतकी नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, किल्ल्यांचं तेवढं ध्यानात ठेवा.

माणसातला पुरावा १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. एकाच कुटुंबातली दोन चुलत-मावस भावंडं, आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची अनावर भूक शमली आणि वजन उतरू लागलं. त्याआधी त्या घराला लोक काय काय बोलले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग सगळ्यांनाच लेप्टिन का देत नाहीत? देऊन पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. हे समजायला आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी बघा. पाणी एका पातळीखाली गेलं की सेन्सर लागलीच पंप चालू करतो, शिवाय वॉचमन मजल्यामजल्यावर सांगत फिरतो, 'आज एकच तास पाणी.' पण टाकी भरून पाइपातून पाणी वाहत असेल, तर ते कुणाच्या लक्षात यायला कधी कधी अर्धी रात्र उलटते. शरीराचंही तसंच. लेप्टिन घसरल्याची हाक मेंदूला खणखणीत ऐकू येते, वाढल्याची मात्र क्षीण. लाखो वर्षं आपल्या पूर्वजांना धोका होता तो दुष्काळाचा.

भाचीचं ११ किलो वजन उतरलं तेव्हा नेमकं हेच झालं. साठा आटला, लेप्टिन घसरलं, पंप सुरू झाला. भूक वाढली ती तिच्या मनाच्या कमकुवतपणाने नव्हे. सोबत पाणीकपातही सुरू झाली. थायरॉइडचं टी३ हे संप्रेरक उतरतं, स्नायू त्याच कामाला कमी इंधन वापरतात. न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ लायबेल यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं की दहा टक्के वजन उतरवून ते टिकवून धरलेल्या माणसांचा ऊर्जेचा खर्च, त्यांच्या नव्या वजनाला शोभेल त्याहूनही कमी होतो. अशा माणसांना थोडंसं लेप्टिन देऊन जुनी पातळी भरून काढली, तेव्हा तो खर्च पुन्हा बराचसा पूर्ववत झाला. मेंदूला कपातीचा हुकूम द्यायला लावणारी खबर कोणती, ते असं सिद्ध झालं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन बरंच परत आलं होतं, तरी विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता.

"आणि तुझी पाळी?" मी तिला विचारलं. ती गप्प झाली. लग्नाच्या आधी दोन महिने पाळी आली नव्हती, तिने टेन्शनवर ढकललं होतं. लेप्टिन फार खाली गेलं की हायपोथॅलॅमस पाळीचं चक्र चालवणारे संदेशही मंदावतो. कोठारात धान्य नसताना गर्भ कसा पोसणार, असा त्यामागचा जुना हिशेब. ज्या वजनावर पाळी थांबते ते वजन, आरशात कितीही सुंदर दिसो, त्या शरीराला मानवलेलं नाही. आईबापांनी आणि नवऱ्या मुलाकडच्यांनी हे लक्षात ठेवायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

पाच दिवसांत तीन किलोंच्या जाहिराती खोट्या नसतात, पण त्यातली चरबी किती? यकृतात आणि स्नायूंत ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. भात-पोळी सोडली की हे आधी संपतं. काटा दीड-दोन किलोंनी उतरतो आणि एका पंगतीनंतर पुन्हा चढतो. तलावाच्या बाहेर सकाळी कारल्याचा, दुधीचा रस मिळतो. दुधीच्या रसाने चरबी वितळत नाही. उलट दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याने जिवावर बेतू शकतं. तसे मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की कडू रस पिऊ नका. कारल्याचा रस मिसळला की दुधीचा कडूपणा कळतच नाही, म्हणून ते मिश्रण मुळीच नको.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं हा मात्र वेगळा विषय. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही खरी औषधं आहेत, ती मेंदूतल्या भुकेच्या यंत्रणेवरच काम करतात, आणि ज्याला डॉक्टरांनी दिली त्याने लाजायचं कारण नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलं. टाकीचा सेन्सर तिथेच असतो. लग्नाच्या हॉलची तारीख बघून घ्यायचं हे औषध नव्हे.

मग योग्य वजन कोणतं? बीएमआयचं सूत्र (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) बेल्जियमच्या केटले यांनी १८३०च्या दशकात लोकसमूहांची सरासरी मांडताना काढलं, एकेका माणसाला जोखायला नव्हे. आपल्यासाठी तर ते आणखी अपुरं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, पण चरबी त्या मानाने टिकवून ठेवलेली. दंड बारीक आणि पोट पुढे, हा आपला जुना ठेवा. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा अशा खालच्या रेषा आखल्या आहेत.

काट्याहून मला शिंप्याची टेप जास्त खरं सांगते असं वाटतं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. बेंबीच्या वर, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता मोजायची. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी साखर बिघडवते, मांड्यांवरची फारशी नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना नियमित चालायला आणि खाण्यात बदल करायला लावलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले. असे बदल न केलेल्यांच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि वजनात फारसा फरक पडला नव्हता. हे मी भाचीला दोनदा सांगितलं.

तिची उंची १५८ सेंटिमीटर, म्हणून कंबर ७९ च्या आत हवी होती. होती ८४. तिने काही सोडलं नाही. रात्रीचं जेवण आठला आणलं, ताटात उसळ वाढवली, भात अर्धा केला, रविवारी येऊरच्या डोंगरावर चढू लागली आणि मोबाइल बाजूला ठेवून सात तास झोपू लागली. आता ती ६४ किलोंवर आहे, गेले तीन महिने तिथेच. कंबर ७८. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.४ टक्के, पाळी वेळेवर. बीएमआयच्या तक्त्यात ती अजून २५ च्या वर आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि आणखी उतरवायचा आग्रह धरला नाही. तिलाही तो धरावासा वाटत नाही. रात्री फ्रीज उघडून उभी राहत नाही, हे तिने मला आपण होऊन सांगितलं.

या महिन्यात तिच्या दिराचं लग्न आहे. लग्नातला शालू तिला नेसायचा होता, पण ५५ किलोंच्या मापाचं ब्लाउज दंडात आणि छातीत अडकलं. आम्ही दोघी नौपाड्यातल्या शिंप्याकडे गेलो. त्यांनी ब्लाउज उलटं केलं, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंना चांगली दीड दीड इंच माया ठेवलीय, ताई. संध्याकाळी घेऊन जा."